लॅपटॉप हळू का चालतो? प्रोसेसर, मेमरी आणि मधली वाट

शाळेला वापरलेले लॅपटॉप भेट मिळणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एखादा माजी विद्यार्थी किंवा हिंजवडीतली एखादी कंपनी आपली जुनी यंत्रे शाळेला देते आणि ती संगणक-कक्षात मांडली जातात. समजा, अशा एका लॅपटॉपवर पुढील माहिती लिहिली आहे : इंटेल कोअर टू ड्युओ प्रोसेसर, वेग २ गिगाहर्ट्‌झ, बस ६६७, मेमरी १ गिगाबाइट, डीडीआर-टू ५३३. २००६ साली लॅपटॉपमध्ये आलेल्या पिढीचे हे यंत्र आहे. ते सुरू होते, पण चार खिडक्या उघडल्या की अडखळते.

गणिताचे शिक्षक हिशेब मांडतात : "मेमरी ५३३ची आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केली तर ६६७ची पट्टी मिळेल. ६६७ भागिले ५३३ म्हणजे सव्वा. तेव्हा यंत्राचा वेग २५ टक्क्यांनी वाढला पाहिजे."

भागाकार बरोबर आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. तो का चुकतो आणि कोणत्या एका परिस्थितीत खरा ठरतो, हे समजले की शाळेचे पैसे योग्य जागी खर्च होतील. शिवाय संगणकाच्या रचनेतला एक मूलभूत प्रश्नही विद्यार्थ्यांना उलगडून सांगता येईल.

बस म्हणजे काय?

प्रोसेसर स्वतः फारसे काही साठवून ठेवत नाही. बेरीज करायची तर दोन्ही संख्या मेमरीतून आणाव्या लागतात आणि उत्तर परत मेमरीत ठेवावे लागते. ही ने-आण ज्या तारांच्या जुडग्यातून होते त्याला 'बस' म्हणतात. ही पीएमपीची बस नव्हे, पण शब्दाचे कूळ एकच. 'ओम्निबस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी'. अनेक घटक एकच वाट वापरतात म्हणून ती बस.

आपल्या या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि मेमरी थेट जोडलेली नाहीत. मध्ये नॉर्थब्रिज नावाची एक चिप आहे. प्रोसेसरपासून नॉर्थब्रिजपर्यंतच्या वाटेला फ्रंट साइड बस म्हणतात. नॉर्थब्रिजपासून मेमरीच्या पट्ट्यांपर्यंतची वाट वेगळी आहे. म्हणजे प्रवासाचे दोन टप्पे झाले आणि दोघांची क्षमता वेगवेगळी असू शकते.

ही क्षमता काढणे सोपे आहे. दोन्ही वाटा ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद आहेत. ६६७ या आकड्याचा अर्थ सेकंदाला ६६.७ कोटी खेपा. प्रत्येक खेपेत ८ बाइट, म्हणून

फ्रंट साइड बस : ६६.७ कोटी × ८ = सेकंदाला सुमारे ५३३ कोटी बाइट, म्हणजे ५.३ गिगाबाइट.

मेमरीची ५३३ची एक पट्टी : ५३.३ कोटी × ८ = सेकंदाला सुमारे ४.३ गिगाबाइट.

मेमरीची ६६७ची एक पट्टी : सेकंदाला सुमारे ५.३ गिगाबाइट.

या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पट्ट्यांसाठी दोन खाचा असतात. दोन्ही भरल्या तर नॉर्थब्रिज दोघींशी एकाच वेळी देवघेव करू शकतो. मग ५३३च्या दोन पट्ट्या मिळून ८.५ गिगाबाइट देऊ शकतात आणि ६६७च्या दोन पट्ट्या १०.६ गिगाबाइट. पण प्रोसेसरकडे जाणारी वाट ५.३ गिगाबाइटचीच! नदीपलीकडचा रस्ता चौपदरी असो की सहापदरी, मधला पूल दुपदरी असेल तर पेठेत शिरणारी वाहने पुलाच्या मापानेच येणार.

म्हणजे लॅपटॉपमध्ये ५३३च्या दोन पट्ट्या आधीच असतील, तर त्या काढून ६६७च्या घातल्याने प्रोसेसरला मिळणाऱ्या माहितीचा ओघ वाढणार नाही. अडचण मेमरीत नाही, पुलावर आहे. एकच पट्टी असेल तर मात्र ४.३ वरून ५.३ अशी वाढ होते आणि शिक्षकांचा सव्वापटीचा हिशेब निदान ओघापुरता खरा ठरतो.

ओघ आणि विलंब

'निदान ओघापुरता' असे आम्ही म्हटले, कारण मेमरीचा वेग ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. नळाला पाणी किती जोराने येते हा एक प्रश्न. तोटी उघडल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो हा दुसरा. पहिल्याला ओघ म्हणू, दुसऱ्याला विलंब.

मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातल्या विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्यावर बिट साठवण्याची ही युक्ती रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. धारित्र इतके लहान असते की त्यातला भार ओळखायला संवेदक मंडलाला वेळ द्यावा लागतो. आधी योग्य ओळ उघडायची, मग त्या ओळीतला योग्य स्तंभ निवडायचा, मग माहिती बाहेर येते. यातल्या दुसऱ्या पायरीला लागणारा काळ पट्टीवर 'सीएल' या अक्षरांनी लिहितात आणि तो घड्याळाच्या ठोक्यांत मोजतात.

आता गंमत पाहा. ५३३ची पट्टी बहुधा सीएल ४ची असते. तिचा एक ठोका ३.७५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे विलंब ४ × ३.७५ = १५ नॅनोसेकंद. ६६७ची पट्टी बहुधा सीएल ५ची असते. तिचा ठोका ३ नॅनोसेकंदांचा, म्हणजे विलंब ५ × ३ = १५ नॅनोसेकंद. दोन्ही सारखेच! घड्याळ भरभर चालू लागले, पण तितकेच ठोके जास्त मोजावे लागले. आतल्या धारित्राचे आणि संवेदकाचे काम तेवढाच वेळ घेते.

पत्ता पाठवणे, नॉर्थब्रिज ओलांडणे, ओळ उघडणे, स्तंभ निवडणे आणि परत येणे असा सगळा हिशेब धरला तर या लॅपटॉपमध्ये मेमरीतली एखादी वस्तू प्रोसेसरच्या हाती पडायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. प्रोसेसर एका वेळी ६४ बाइटचा गठ्ठा मागवतो. तो गठ्ठा एका ५३३च्या पट्टीतून बाहेर यायला १५ नॅनोसेकंद लागतात, ६६७च्या पट्टीतून १२. म्हणजे जिथे कामाला विखुरलेली माहिती लागते, तिथे शंभरात तीन नॅनोसेकंदांची बचत. सव्वापटीचा हिशेब इथे ३ टक्क्यांवर येतो.

मिसळणाचा डबा

२ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका अर्ध्या नॅनोसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात प्रकाशही फक्त १५ सेंटिमीटर जातो. मग १०० नॅनोसेकंदांचा विलंब म्हणजे २०० ठोके. प्रत्येक संख्येसाठी प्रोसेसर २०० ठोके हात बांधून बसला तर काम व्हायचे कसे?

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. हळद, तिखट, मोहरी दर फोडणीला कोणी कोठीच्या खोलीतून आणत नाही. त्यासाठी ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. डब्यात थोडेच मावते, पण जे वरचेवर लागते ते हाताशी राहते. प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी हा असा मिसळणाचा डबा आहे. आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक गाभ्याजवळ माहितीसाठी ३२ किलोबाइटची पहिली कॅश असते. दुसरी मोठी कॅश दोन्ही गाभ्यांत सामाईक असते. काही नमुन्यांत ती २ मेगाबाइट, तर काहींत ४ मेगाबाइट.

या अंतरांची कल्पना यावी म्हणून वेळ ताणून पाहू. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असे समजा. मग पहिल्या कॅशमधून वस्तू घ्यायला ३ सेकंद लागतात : मिसळणाचा डबा. दुसऱ्या कॅशमधून सुमारे १४ सेकंद : ओट्याखालचे कपाट. मेमरीतून २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंद : कोठीची खोली. आणि हार्ड डिस्कवरून? लॅपटॉपची जुनी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. सरासरी अर्धा फेरा वाट पाहायची आणि वाचकशीर्ष जागेवर सरकवायचे, यात सहज १५ मिलिसेकंद जातात. ते होतात ३ कोटी ठोके, म्हणजे आपल्या ताणलेल्या घड्याळात ३४७ दिवस. मार्केट यार्डात जाऊन यायला जवळजवळ एक वर्ष!

ही चार अंतरे लक्षात ठेवली की लॅपटॉप 'हळू' का वाटतो याचे उत्तर शोधता येते. शेजारच्या कपाटाला जास्त वेळ लागतो की कोठीला, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण घरातले सामान संपून वारंवार मार्केट यार्डात जावे लागत असेल, तर बाकीच्या सुधारणांना फारसा अर्थ उरत नाही. १ गिगाबाइट मेमरीच्या लॅपटॉपवर चार खिडक्या उघडल्या की नेमके हेच होते. मेमरी भरते, मग कार्यप्रणाली तिच्यातला काही भाग डिस्कवर लिहून ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहतो आणि माऊस जागेवरून हलत नाही.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

बस आणि कॅशचा परिणाम प्रत्यक्ष मोजता येतो. सी भाषेची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग देता येईल.

४,००० ओळी आणि ४,००० स्तंभांचा एक तक्ता घ्या. प्रत्येक घरात ८ बाइटची दशांश संख्या भरा. तक्ता १२.८ कोटी बाइटचा, म्हणजे कॅशमध्ये मुळीच न मावणारा आहे. आता सर्व संख्यांची बेरीज दोन प्रकारे करा : एकदा ओळीने, म्हणजे पहिली ओळ संपली की दुसरी, आणि एकदा स्तंभाने, म्हणजे पहिला स्तंभ संपला की दुसरा. दोन्हींत बेरजा १ कोटी ६० लाखच आणि उत्तरही एकच. लागणारा वेळ मात्र वेगळा येईल. स्तंभाने बेरीज करायला कितीतरी पट वेळ लागेल.

कारण सोपे आहे. सी भाषेत तक्ता मेमरीत ओळीने साठवला जातो. ६४ बाइटच्या एका गठ्ठ्यात शेजारच्या ८ संख्या येतात. ओळीने जाताना आठही कामी येतात. स्तंभाने जाताना एक वापरली जाते आणि पुढची संख्या ३२,००० बाइट दूर असते. उरलेल्या सात संख्यांची खेप फुकट जाते.

मग तक्ता २०० × २०० एवढा लहान करा आणि तीच बेरीज ४०० वेळा करा. एकूण बेरजा पुन्हा १ कोटी ६० लाखच. पण हा ३ लाख २० हजार बाइटचा तक्ता दुसऱ्या कॅशमध्ये मावतो आणि दोन पद्धतींतला फरक जवळजवळ नाहीसा होतो. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, गणितही तेच. बदलली ती फक्त माहिती आणण्याची वाट. दोन काळजी घ्या : बेरजेचे उत्तर शेवटी पडद्यावर छापा आणि कंपायलरची आपोआप सुधारणा करण्याची सोय बंद ठेवा. नाहीतर तो हुशारीने काम टाळेल किंवा क्रम बदलून टाकेल.

कागदावर करण्याजोगा आणखी एक हिशेब आहे. दोन लांब याद्यांची संख्येगणिक बेरीज करून तिसरी यादी बनवायची तर प्रत्येक बेरजेमागे ८ बाइट दोनदा आणायचे आणि एकदा ठेवायचे, म्हणजे २४ बाइटची वाहतूक होते. ५३३ कोटी भागिले २४ म्हणजे सेकंदाला सुमारे २२ कोटी बेरजा. एका ठोक्याला एक बेरीज धरली तरी प्रोसेसरचा एक गाभा सेकंदाला २०० कोटी बेरजा करू शकतो. म्हणजे अशा कामात नऊ ठोक्यांपैकी आठ वाया जातात. दुसरा गाभा मदतीला आला तरी त्याची वाट तीच. उपाशी राहणारे एकाचे दोन होतात.

पुण्याने मोठ्या प्रमाणावर सोडवलेला प्रश्न

एकाच वाटेवर अनेक प्रोसेसर आले की सगळेच उपाशी राहतात. हाच प्रश्न पुण्यात पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर समोर आला होता. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याची रचना अनेक लहान प्रोसेसर एकत्र बांधण्याची होती. हे प्रोसेसर म्हणजे इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. असे ६४ प्रोसेसर एकाच सामाईक बसवर, एकाच मेमरीसमोर रांगेत उभे केले असते, तर बहुतेकांचा वेळ वाट पाहण्यातच गेला असता.

म्हणून परममध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी दिली होती. प्रत्येकाने आपापल्या कोठीतले सामान वापरायचे आणि गरज पडेल तेव्हाच दुसऱ्याला निरोप पाठवायचा. निरोपासाठी प्रत्येक ट्रान्सप्युटरच्या अंगालाच चार जोडण्या होत्या. खुद्द ट्रान्सप्युटरच्या पोटातही ४ किलोबाइटची वेगवान मेमरी होती. यात प्रोग्राम लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी आली : काम असे वाटायचे की निरोप कमी आणि गणित जास्त होईल. आपल्या तक्त्याच्या प्रयोगात ओळीने जाण्याचा जो शहाणपणा आहे, तोच हा.

पुढे २००७ साली टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या पुण्यातल्या कंपनीचा 'एक' हा महासंगणक जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. सर्व प्रोसेसर एकही ठोका वाया न घालवता राबले तर त्याचा वेग सुमारे १७० टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १७० लाख कोटी गणिते इतका झाला असता. चाचणीत प्रत्यक्ष नोंदला गेला तो ११७.९ टेराफ्लॉप्स. यात कमीपणा काही नाही. जगातल्या प्रत्येक महासंगणकाच्या नावापुढे असे दोन आकडे असतात आणि दोहोंतले अंतर बरेचसे माहितीच्या ने-आणीत गेलेले असते. लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र एकच आकडा छापतात, तोही मोठा.

खुद्द लॅपटॉपची रचनाही पुढे याच दिशेने बदलली. एएमडी कंपनीने २००३ साली आणि इंटेलने २००८ पासून मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच घेतले. नॉर्थब्रिजवरचा पूल ओलांडण्याची गरज संपली आणि फ्रंट साइड बस इतिहासजमा झाली.

मग शाळेने काय करावे?

आधी आजार ओळखावा. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून किती मेमरी वापरात आहे ते पाहावे. मेमरी भरलेली आणि डिस्क सतत चालू असेल, तर प्रश्न मेमरीच्या वेगाचा नसून तिच्या आकाराचा आहे.

एक खाच रिकामी असेल तर ५३३ची पट्टी काढून ६६७ची घालण्यापेक्षा तिच्याच जोडीची दुसरी पट्टी घालावी. आकार दुप्पट होतो आणि दोन वाटा एकाच वेळी चालू लागतात. पडद्यावरच्या चित्रासाठी वेगळी चिप नसेल तर त्या कामाला नॉर्थब्रिज मुख्य मेमरीच वापरतो. त्या वाहतुकीला प्रोसेसरचा पूल ओलांडावा लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या पट्टीचा लाभ तिथेही होतो. ५३३ आणि ६६७ अशी विजोड जोडी लावली तर दोन्ही ५३३च्या चालीने चालतात, हे ध्यानात असू द्यावे.

घेण्यापूर्वी यंत्राची मर्यादा पाहावी. या पिढीतल्या ९४५ मालिकेच्या नॉर्थब्रिजवर ४ गिगाबाइट मेमरी बसवली तरी वापरता येते ती सुमारे सव्वातीन गिगाबाइट. ८००ची पट्टी घातली तरी ती ६६७च्याच चालीने चालणार. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मेमरी पुरेशी झाल्यावर पैसे उरले तर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. जुनी जोडणी दीड गिगाबिटची असेल तर तिचा ओघ सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वर जाणार नाही, हे खरे. पण एसएसडीचा विलंब एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास असतो. आपल्या ताणलेल्या घड्याळात मार्केट यार्डाची वर्षभराची फेरी अडीच दिवसांच्या आत येते.

आता गणिताच्या शिक्षकांच्या भागाकाराकडे पुन्हा पाहू. ६६७ भागिले ५३३ म्हणजे सव्वा हे खरेच. पण तो वाटेतल्या एका टप्प्याचा भागाकार होता. वर्गात तो फळ्यावर तसाच लिहावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे : या लॅपटॉपमध्ये पट्ट्या किती आहेत, पूल केवढा आहे आणि कोठीत सामान आहे का? तीन उत्तरे गोळा झाल्यावर खरेदीची यादी त्यांनाच करू द्यावी.